पुरातली बारी

पवनेला पाणी आलं की निम्मं थेरगाव पुलावर पाणी बघायला जातं आणि उरलेलं निम्मं आपली गाडी कुठे उंचावर लावता येईल याच्या शोधात फिरतं. डॉ. रश्मी साळवेला त्या सकाळी या दोन्ही गोष्टींना सवड नव्हती. तिच्या जनावरांच्या दवाखान्यात काही कुत्री, दोन मांजरं, डोअरबेलसारखी शिट्टी मारणारा एक पक्षी आणि एक बैल असे मुक्कामाला होते, आणि मागच्या भिंतीपलीकडे नदी नको इतकी जवळ आली होती.

दवाखाना नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या अगदी टोकाला. इतक्या खाली कशाला थाटलास, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मोठ्या जनावराला शेड लागतं, खोडा लागतो. वाकडच्या टॉवरमध्ये बैलाला लिफ्टने कोण चढवणार?" वाकडची मंडळी मात्र आपापल्या लाडक्यांना कडेवर घेऊन टॉवरातून उतरून तिच्याकडेच यायची. त्यामुळे पुढच्या खोलीत शाम्पूचा वास आणि मागच्या शेडमध्ये शेणाचा. रश्मीला दोन्ही सारखेच आवडायचे.

पहिल्या पुरात तिची पार दाणादाण उडाली होती. एका हातात मांजर, दुसऱ्या हातात लसींचा डबा आणि मांजराची नखं तिच्या मानेत, अशा थाटात ती गल्ली चढली होती. तेव्हापासून तिने पुराची शिस्त बसवली. पावसाने जोर धरला की लसी बर्फाच्या पेटीत, खाद्याची पोती माळ्यावर. प्रत्येक जनावराच्या गळ्याला चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने नाव आणि मालकाचा नंबर. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथेच पलीकडे दादासाहेबांचं मंगल कार्यालय होतं. चातुर्मासात लग्नं नसतात, कार्यालय ओस पडलेलं असतं, आणि दादासाहेबांच्या पामेरियनच्या दातांची काळजी रश्मीच घेत असल्याने किल्लीसाठी हातापाया पडावं लागत नसे. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की जो चालू शकत नाही तो आधी, जो चालतो तो शेवटी. हा नियम तिने स्वतःच्या डोक्याने काढला होता आणि त्याचा तिला अंमळ गर्वच होता. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. रश्मीचं तर पत्त्यासकट खाली होतं.

या नियमाने शेवटी निघायचा होता तो बिजल्या.

बिजल्या म्हणजे चाकणच्या पट्ट्यातला बैलगाडा शर्यतीचा नावाजलेला बैल. त्याचे मालक साहेबराव मुंगसे कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचे, पण ती आपली पोटासाठी. जीव सगळा बिजल्यात. ओव्हरटाइम नाकारून हा माणूस बैलाला अंघोळ घालायला घरी जायचा. त्यांच्या शेताच्या बांधाला लागूनच एका कारखान्याचं कुंपण होतं. तिथली तार कधीतरी गवतात पडली, गवतातून वैरणीत आली, वैरणीतून बिजल्याच्या पोटात गेली, आणि बिजल्याने खाणं सोडलं. रश्मीने त्याची डावी कूस उघडून ती तार काढली. तार काळजाच्या रोखाने निघालेली होती. ती बघून साहेबराव शेडमध्येच मटकन खाली बसले होते.

नंतर ते बैलाला घरी न्यायची घाई करायला लागले, तेव्हा रश्मीनेच अडवलं.

"काका, चाकणच्या खड्ड्यांतून टेम्पोत नेलात तर टाके राहतील का? टाके धरले तर दिवाळीनंतर शर्यतीच्या घाटात पळेल. सुटले तर जगेल कदाचित, पण पळणं विसरा."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच, ताई," साहेबराव म्हणाले होते. "आता तुमच्याच भरोशावर हाय त्यो."

हा भरवसा रश्मीच्या मानेवर चांगलाच जाऊन बसला होता. टाके घातल्यापासून ती रोज उठली की आधी बिजल्याची कूस बघायची आणि मग आरसा.

तर त्या सकाळी पालिकेची गाडी भोंगा वाजवत गेली. धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित जागी जावं, असं तोच तो आवाज सांगत होता. गाडी वळणाआड जाते न जाते तोच प्रभावतीमावशींनी मागून हाक दिली. मावशी मूळच्या लातूरच्या. दवाखान्याची झाडलोट त्यांच्याकडे, आणि रश्मीसकट सगळ्यांना दटावण्याचं कामही.

"बाई, पाणी शेडात येऊलालंय!"

"प्रीतम, मेन स्विच बंद कर!" रश्मी ओरडली. "निघायचं!"

आणि मग काय विचारता! ज्या शिस्तीची वर्षभर सगळे टिंगल करायचे, ती शिस्त अशी धावायला लागली की बघत राहावं. प्रीतम हा तिचा मदतनीस, एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारा बाप्या, पण त्याने आदल्या दिवशीच पोट शिवलेली लॅब्रॅडॉर कुत्री चादरीच्या झोळीत घेतली आणि तो गल्ली चढलासुद्धा. मावशींनी मांजरांचे पिंजरे दोन्ही काखांत मारले. रश्मीच्या एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्यात पक्ष्याचा पिंजरा. पक्षी वाटभर डोअरबेल वाजवत होता आणि गल्लीतल्या बायका "कोण आलं गं?" म्हणून खिडकीतून डोकावत होत्या.

पाण्याने घोटा गाठला. मग पोटरी. दर फेरीला उतरताना पाणी एक पायरी वर आलेलं असायचं, आणि खरं सांगायचं तर रश्मीला भीती वाटतच नव्हती. तिला मजा वाटत होती. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं तिला. फेरीमागून फेरी बिनचूक होत होती, एक जनावर हरवलं नाही, एक बाटली फुटली नाही. कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये कुत्री पंगतीला बसल्यासारखी ओळीने बांधली गेली, नवरीच्या खोलीत मांजरं. वाकडहून मालकांचे फोन येत होते आणि मावशी एकेकाला ठणकावत होत्या, "तुमचं लेकरू बरंय. तुम्ही तेवढे इकडं येऊ नका."

"राहिला फक्त बिजल्या," प्रीतम धापा टाकत म्हणाला. "तो काय मॅडम, आपल्या पायाने येईल. राजा माणूस."

रश्मीनेही तेच धरलं होतं. तिने बिजल्याच्या पोटाभोवती जुन्या चादरींचा पट्टा घट्ट बांधला, टाक्यांवर प्लास्टिक लावलं, खुंट्याचा कासरा सोडला आणि म्हणाली, "चल रे बाबा."

बिजल्या शेडच्या दारापर्यंत आला. बाहेर गल्लीत मातकट पाणी घुमत होतं, त्यातून कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची गिरक्या घेत चालली होती. बिजल्याने पाणी बघितलं, खुर्ची बघितली, नाक फेंदारलं आणि चारी पाय रोवून उभा राहिला.

त्यांनी चुचकारलं. पेंड दाखवली. प्रीतमने कासरा ओढला, रश्मीने मागून थोपटलं. बैल तसूभर हलेना. प्रीतमने जरा जोर लावला तसा बिजल्याने मान मागे खेचली, सगळं अंग ताणलं, आणि चादरीच्या पट्ट्यावर एक लाल ठिपका उमटला.

"सोड!" रश्मी किंचाळली. "ओढू नकोस! टाके जातील!"

प्रीतमने कासरा सैल सोडला. पाणी आता गुडघ्याला लागलं होतं. रश्मीचा सगळा आनंद एका क्षणात पायांतून निथळून गेला. जो चालतो तो शेवटी! कुत्र्यांसाठी केलेला नियम तिने बैलाला लावला होता. बैल चालतो हे खरं, पण केव्हा चालतो, कुणामागे चालतो, हे तिने विचारलंच नव्हतं. सकाळी पाणी घोट्याला असताना तो निघाला असता. आता ओढावा तर टाके सुटणार, ठेवावा तर बुडणार. आणि भरवसा तिच्यावर होता.

तिने साहेबरावांना फोन लावला. ते टेम्पो घेऊन केव्हाचेच निघाले होते, पण कासारवाडीत येऊन अडकले होते. फोनवर पन्नास हॉर्न एकदम वाजत होते.

"काका, बिजल्या पाण्यात उतरत नाहीये! ओढलं तर रक्त येतंय!"

"वढू नगा!" साहेबरावांचा आवाज फाटला. "वढून न्हाई यायचा त्यो. घोडी हाय का घोडी? घोडीबिगर त्यो नव्या वाटंनं पाऊल उचलत न्हाई, ताई. लहान असल्यापून घोडीच्या मागंच पळवलाय त्याला. आमच्या घाटात बैलाच्या पुढं घोडी पळती न्हवं का? घोडी पुढं दिसली की त्यो आगीतबी शिरंल!"

हे रश्मीने ऐकलेलं होतं. शर्यतीच्या चढ्या धावपट्टीला घाट म्हणतात, त्या घाटात बैलांच्या पुढे घोडेस्वार घोडी पिटाळतो आणि बैल तिच्यामागे जीव तोडून पळतात. एका जोडीची एक धाव म्हणजे एक बारी. पण थेरगावात, असल्या पुरात, घोडी आणायची कुठून?

आणि एकदम तिला आठवलं. "आबाजी!"

आबाजी म्हणजे वरातीला घोडी देणारे, डांगे चौकाच्या पलीकडे राहणारे. त्यांची चांदणी नावाची पांढरीशुभ्र घोडी. रश्मीने गेल्या महिन्यातच तिच्या खुरातला पू काढला होता. चातुर्मासामुळे चांदणीही घरीच बसून होती. प्रीतम मोटारसायकलकडे पळाला. रश्मी बिजल्याच्या गळ्यात हात टाकून पाण्यात उभी राहिली आणि त्याला काहीबाही सांगत राहिली. त्याच्या गळ्याखालच्या पोळीची थरथर तिच्या हाताला लागत होती.

पाणी मांडीला आलं तरी घोडीचा पत्ता नाही. तिने प्रीतमला फोन केला.

"मॅडम, आबाजी घोडीला साज चढवतायत!"

"काय?"

फोन आबाजींनी घेतला. "आलो की, पोरी! पर चौकातनं जायचंय. समदं थेरगाव बघतंय. तिला अशी उघडीबोडकी कशी आणू? आजपातुर साजाबिगर चौक वलांडला न्हाई तिनं. न्हाई म्हंजी न्हाईच निघत ती."

"आबाजी, इथे बैल बुडतोय!"

"तुरा तेवढा बांधतो, आलोच!"

रश्मीला रडावं की हसावं कळेना. बैल घोडीशिवाय हलत नाही, घोडी साजाशिवाय हलत नाही, आणि नदी कुणासाठी थांबत नाही. तिने मनातल्या मनात आबाजींना जन्मभराच्या शिव्या एकदम देऊन टाकल्या.

पण आबाजी आले. गल्लीच्या तोंडाशी चांदणी दिसली तेव्हा तिच्या डोक्यावर तुरा होता, गळ्यात घुंगरांची माळ होती, पाठीवर जरीची झूल होती आणि पावसाने ते सगळं लोंबत होतं. आबाजी लगाम धरून पाण्यात उतरले. म्हातारा कमरेपर्यंत भिजला, पण घोडी मात्र अशी डौलात उतरली, जणू पायघड्याच घातल्यात.

"हिला कशाचं भ्या न्हाई," आबाजी म्हणाले. "बँडवाल्यांच्या मधनं जाती ती. पानी काय चीज हाय!"

त्यांनी चांदणीला शेडच्या दारापुढे आणलं आणि तोंड गल्लीच्या चढाकडे फिरवलं.

बिजल्याचे कान उभे राहिले. त्याने मान पुढे केली, घोडीची पाठ हुंगली. आबाजींनी चुटकी वाजवली, चांदणी एक पाऊल चालली. बिजल्याने उजवा पाय उचलला, हवेत धरला, आणि पाण्यात टाकला. मग डावा.

"आला!" प्रीतम पुटपुटला.

"गप्प," रश्मी म्हणाली. "हळू. आबाजी, अगदी हळू."

आबाजींना हळू चालायला सांगण्याची गरजच नव्हती. उभा जन्म त्यांनी मिनिटाला चार पावलं अशा चालीत काढला होता. घाटात वाऱ्यासारखा पळणारा बिजल्या वरातीच्या चालीने एकेक पाऊल टाकत निघाला. प्रीतम कासरा धरून डोक्याशी, रश्मी डाव्या कुशीशी, टाक्यांवर तळहात दाबून. गल्लीच्या मध्ये खोलगट भाग होता, तिथे पाणी बैलाच्या पोटाला लागलं. धार जोराची होती. रश्मीचा एक पाय सुटला, तिने बिजल्याच्या वशिंडाला धरलं, बैल तोल सावरून तसाच उभा राहिला, तिचा पाय टेकेपर्यंत हललाही नाही. तिला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

इकडे वरच्या टोकाला गर्दी जमली होती. बिजल्या अडकलाय ही बातमी कुणीतरी बैलगाडा शौकिनांच्या ग्रुपवर टाकली होती. मग काय, थेरगावपासून चिंचवडपर्यंतचे शौकीन छत्र्या घेऊन, रेनकोट घालून हजर. सगळ्यांचे मोबाइल वर. रांगेत दोन्ही बाजूंना माणसं, मध्ये मोकळी वाट. चांदणीने ही रांग बघितली, ते चमकणारे मोबाइल बघितले आणि तिला वाटलं, वरात आली. ती पाण्यातच थांबली, तिने मान वाकवली, पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने उचलले आणि नाचायला लागली.

"अगं बये!" आबाजी ओरडले. "लगीन न्हाई हितं कुनाचं! चल पुढं!"

गर्दी खो खो हसली. कुणीतरी टाळी वाजवली, तशी चांदणीला आणखीच चेव आला. तिच्या घुंगरांचा आवाज, टाळ्या, हसणं, आणि मागे खोल पाण्यात उभा बिजल्या. त्याच्या पोटाखालून धार जात होती आणि चादरीच्या पट्ट्याला ओढ बसत होती. रश्मीच्या तळहाताखाली एक टाका ताणल्याचं तिला स्पष्ट जाणवलं.

"मोबाइल खाली करा!" रश्मी जिवाच्या आकांताने ओरडली. "हात खाली! कुणी आवाज केला तर बैल जाईल! त्याची कूस शिवलेली आहे, हसताय काय?"

सगळे हात खाली आले. इतकी माणसं आणि पावसाच्या आवाजाखेरीज काही ऐकू येईना. चांदणी दोन ठेके एकटीच नाचली, मग प्रेक्षक नाहीत म्हटल्यावर तिचा उत्साह मावळला. आबाजींनी तिच्या मानेवर थोपटलं. ती चालायला लागली आणि तिच्यामागे बिजल्या.

पाणी पोटाखाली गेलं. गुडघ्यावर आलं. खुरांना डांबर लागलं. शेवटचा चढ तेवढा उरला, आणि रश्मीने चालता चालता प्लास्टिकखाली बोट घालून बघितलं. एकच टाका सैल झाला होता. बाकीचे सगळे जागच्या जागी. जमलं होतं. दिवाळीनंतर हा बैल घाटात पळणार होता.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली आणि मागच्या सीटवरून साहेबराव उतरले. टेम्पो कासारवाडीत सोडून, दिसेल त्याला हात करत ते इथवर आले होते. त्यांनी गर्दीतून वाट काढली आणि समोर बघितलं. चढण. दोन्ही बाजूंना शौकीन. पुढे घोडी. घोडीमागे बिजल्या, जिवंत, ताठ मानेने वर येणारा. फोन ठेवल्यापासून बैल गेला असंच धरून बसलेल्या त्या माणसाने हे बघितलं आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. हजार बाऱ्यांना गेला असेल तसा. तोंडातून आरोळी फुटली.

"भिर्रर्र!"

घाटात बैल सुटताना जी आरोळी उठते ती. आणि बिजल्याच्या मालकाच्या आवाजातली.

बिजल्या सुटला. प्रीतमच्या मुठीतून कासरा असा सरकला की तळव्याची सालटं निघाली. रश्मी बाजूला फेकली गेली आणि गुडघ्यावर पडली. तिथून तिने बघितलं. बैलाने एका झेपेत घोडी मागे टाकली. चांदणी दचकून बाजूला झाली, आबाजी भिंतीला टेकले. पोटाचा पट्टा सुटून पायांत फडफडत होता. मान खाली, शेपूट वर, त्या ओल्या चढावर एकदाही न घसरता बिजल्या पळत होता. शिवलेलं अंग आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. गर्दीतून एकही आवाज आला नाही. तो सरळ साहेबरावांच्या अंगावर गेला आणि शेवटच्या पावलाला थांबून त्याने आपलं कपाळ त्यांच्या छातीला लावलं.

साहेबरावांनी त्याच्या मानेला मिठी मारली. मग त्यांचा हात कुशीकडे गेला, आणि लाल होऊन परत आला.

रश्मी लंगडत धावत आली. तिच्या डोक्यात जाळ झाला होता. "कोण ओरडलं? कोण तो शहाणा?"

"म्या," साहेबराव म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "तोंडातनं गेलं, ताई. मला कळलंबी न्हाई."

तिला त्यांच्यावर आणखी ओरडायचं होतं. त्यांचा चेहरा बघून तिने नुसता आपला तळहात बिजल्याच्या कुशीवर दाबला.

मंगल कार्यालयात सगळ्यांत जास्त उजेड स्टेजवर. तिथेच बिजल्याला नेलं. गेल्या लग्नातल्या कागदी फुलांची एक माळ मागे लोंबत होती, समोर हॉलमध्ये कुत्री भुंकत होती. दादासाहेबांनी जनरेटर लावून दिला. चामडीचे टाके तुटले होतेच, पण आतल्या स्नायूची शिवणसुद्धा उसवली होती. सुदैवाने त्याच्याही आतली, पोटाच्या पिशवीची शिवण शाबूत होती. रश्मीने सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली आणि फाटलेले स्नायू पुन्हा जुळवायला घेतले. मावशींनी बॅटरी धरली. साहेबराव पूर्ण वेळ बिजल्याचं डोकं कवटाळून उभे होते. स्टेजखाली शौकीन चपला काढून बसले होते. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं आणि जा म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

शेवटचा टाका घालून तिने हातमोजे काढले. आता सांगायलाच हवं होतं.

"काका, जगेल तो. खाईल, हिंडेल, म्हातारा होईल. पण घाटात आता नाही. ही कूस दोनदा शिवून झाली. पळवलात आणि पुन्हा फाटली तर मी काय, कुणीच शिवू शकणार नाही."

खाली कुणीतरी हळहळलं. साहेबराव बिजल्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. रश्मीला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. त्यांनी डोळे पुसले आणि मान वर केली.

"ताई, तुमी बगितलं न्हवं? त्यानं घोडी मागं टाकली."

"हो, बघितलं."

"आवं, घाटात त्यो घोडीच्या मागं पळायचा. ती म्होरं हाय म्हनून पळायचा. आज घोडी मागं सारली त्यानं. आज त्यो माज्याकडं पळाला." त्यांचा आवाज चिरकला, पण चेहऱ्यावर असं काही होतं की हॉलमधली प्रत्येक मान त्यांच्याकडे वळली. "लई बाऱ्या जिंकल्या, पर अशी बारी कुनाच्या नशिबात असती का? मला सांगा, असती का?"

साहेबरावांनी खाली बसलेल्या शौकिनांकडे बघितलं.

"गुलाल हाय का रं कुनाकडं?"

बैलगाड्याच्या शौकिनाच्या गाडीच्या डिकीत गुलाल नसेल असं होत नाही. एक जण धावत जाऊन पुडी घेऊन आला. मग सगळे थबकले आणि डॉक्टरकडे बघायला लागले.

"टाक्यांपासून लांब," रश्मी म्हणाली. "फक्त कपाळाला. आणि काही झालं तरी कुणीही ओरडायचं नाही."

तेव्हा दादासाहेबांच्या मंगल कार्यालयात मुक्यानेच जल्लोष झाला. दांडगे दांडगे गडी ओठ गच्च मिटून नाचले. हात वर, डोळ्यांत पाणी, तोंडातून हूं की चूं नाही. कुत्र्यांनासुद्धा काय झालं कळेना, तीही गप्प झाली. साहेबरावांनी बिजल्याच्या कपाळावर गुलाल भरला आणि उरलेला चिमूटभर रश्मीच्या हातावर ठेवला.

तिने तो बिजल्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्ये लावला आणि तिथेच उभी राहून ती मनसोक्त रडली.